टक्केवारीपलीकडचे पाहताना
आज मानेतून मेंदूला रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमनीच्या एका एमआरआयने मला बराच वेळ खिळवून ठेवले. धमनी जेमतेम निम्मी अरुंद झालेली होती. पक्षाघाताची लक्षणे असलेल्या रुग्णांत ७० टक्क्यांहून अधिक अरुंदपणा असल्यास शस्त्रक्रियेचा स्पष्ट लाभ होतो, हे १९९१ च्या उत्तर अमेरिकी चाचणीने दाखवल्यापासून आपण मुख्यतः टक्केच मोजत आलो आहोत. पण टी-१ या प्रकारच्या एमआरआय प्रतिमेत धमनीच्या भिंतीतल्या चरबीच्या थरात (यालाच प्लाक म्हणतात) शुभ्र चकाकी होती, म्हणजे प्लाकच्या आत रक्तस्राव झाल्याची, पुढील पक्षाघाताचा धोका वाढवणारी खूण.

हे रक्त येते कुठून? थर जाड झाला की आतल्या पेशींना प्राणवायू अपुरा पडतो, त्या व्हीईजीएफ हे प्रथिन स्रवतात, आणि त्यामुळे धमनीच्या बाह्य आवरणातील सूक्ष्म वाहिन्यांच्या अस्तर-पेशी थरात शिरून नव्या वाहिन्या तयार करतात. मात्र या पेशींमधील सांधे सैल आणि आधाराच्या पेरिसाइट पेशी तुरळक असल्याने या नव्या वाहिन्यांतून रक्त झिरपते. (कॉन्ट्रास्ट सोनोग्राफीत, म्हणजे रक्तात सूक्ष्म बुडबुडे सोडून केलेल्या सोनोग्राफीत, ते बुडबुडे थरात शिरताना दिसतात, ते याच वाहिन्यांमधून.)

अशा धमनीला केवळ ‘मध्यम अरुंदपणा’ म्हणणे मला अपुरे वाटते. म्हणून रक्तस्रावाची नोंद मी अहवालाच्या पहिल्याच ओळीत केली आणि न्यूरॉलॉजिस्टना लगेच फोन केला.