नावाचा रकाना आणि उच्चाराचा रकाना

बुधवार, रात्री उशिरा

अर्जाचं पहिलं पान सगळ्यात सोपं वाटतं. नाव, आडनाव, जन्मतारीख, पत्ता. हात आपोआप चालतो, आणि चुकाही इथेच होतात.

आज डोक्यात घोळतोय तो एक घोळ: उच्चार नीट व्हावा म्हणून लोक स्पेलिंगच बदलतात. रोमन लिपीत के-ए-एम-ए-एल लिहिलं की वाचणारा कमल म्हणेल, कमाल म्हणेल, कामलही म्हणेल. मग कोणी जादा ‘ए’ घालतं, कोणी एक गाळतं. ओळखपत्रावर एक आणि अर्जात दुसरं झालं की पडताळणी अडकते. नावाच्या रकान्यात कागदावरचं नाव, अक्षर न् अक्षर तसंच. कानाची सोय उच्चाराच्या रकान्यात.

आडनाव नेमकं कोणतं धरलंय, अशी शंका आली तर पासपोर्टच्या फोटोच्या पानावरच्या तळाच्या दोन ओळी बघाव्यात. प्रत्येक ओळ 44 खुणांची. पहिल्या ओळीतल्या पहिल्या 5 जागा कागदाचा प्रकार आणि देश यांच्यासाठी, उरलेल्या 39 नावासाठी. आधी आडनाव, मग बाणासारख्या दोन खुणा (<<), मग बाकीचं नाव. जोडरेघेच्या जागीही तीच खूण येते. फार लांब नाव तिथे कापलं जातं, त्यामुळे पूर्ण नाव मात्र वरच्या छापील भागातूनच उतरवायचं.

एकच नाव असलेल्यांची पंचाईत वेगळी. आडनावाचा रकाना रिकामा सोडू देत नाहीत म्हणून टिंब किंवा ‘लागू नाही’ भरलं, तर तेच आडनाव म्हणून छापून येऊ शकतं. आधी सूचना वाचावी. काही अर्जांत ‘आडनाव नाही’ अशी वेगळी चौकट असते.

तारीख: 03/04 म्हणजे 3 एप्रिल की 4 मार्च? रकान्याखालचा नमुना बघितल्याशिवाय कळत नाही. नमुना नसेल आणि मोकळी जागा असेल तर महिना अक्षरी लिहावा.

देवनागरीत नाव भरताना एक छुपी गोम आहे. ‘ॲ’ एका कळीने उमटवला काय आणि ‘अ’वर चंद्र दिला काय, डोळ्याला एकच, संगणकाला मात्र ती वेगवेगळी चिन्हं. शोधताना नाव सापडत नाही ते अशाने. कॉपी-पेस्ट केलेल्या नावामागे चिकटून आलेली मोकळी जागाही तोच ताप देते.

आता उच्चार. इथे लोक नाव पुन्हा तसंच लिहून मोकळे होतात, म्हणजे काहीच सांगत नाहीत. नाव तुकड्यांत तोडावं आणि अडणाऱ्या तुकड्याला ओळखीच्या शब्दाचा आधार द्यावा. चव्हाण: ‘च’ चमच्यातला, चिमणीतला नव्हे. ज्ञानेश्वर: सुरुवात ‘द्न्या’, ‘ग्या’ नाही. वाचणारा मराठी नसेल तर आधाराचा शब्द त्याच्या भाषेतला हवा, चमचा त्याच्या काय कामाचा! रोमन ‘टी’मागे त आणि ट दोन्ही लपतात, ‘डी’मागे द आणि ड, केतनचा केटन आणि मंदारचा मंडार होतो तो यामुळे. शेवटचा ‘ए’ हाही तसाच फसवा. अथर्वचा अथर्वा होऊ नये असं वाटत असेल तर शेवट आखूड आहे, हे स्पष्ट लिहावं.

आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी अचूक खरी, पण अर्ज हाताळणाऱ्याला ती वाचता येईलच असं नाही. मागितली तरच द्यावी. आणि ‘ळ’साठी फार भांडू नये, ज्याच्या भाषेत तो नाही त्याने ‘ल’ म्हटलं तरी हाक पोचते. ऱ्हस्व-दीर्घ आणि त-ट एवढं सांभाळलं तरी पुष्कळ.

आवाज नोंदवायची सोय असेल तर ती सगळ्यात उत्तम. लिंक्डइनवर त्यासाठी 10 सेकंद मिळतात, आणि नावाला तेवढे भरपूर झाले. बटण दाबल्यावर क्षणभर थांबावं, नाहीतर पहिलं अक्षरच कापलं जातं. नाव एकदा सावकाश, एकदा नेहमीच्या वेगाने. ‘नमस्कार, माझं नाव’ वगैरे नको. ऐकणाऱ्याला नाव कुठे सुरू झालं तेच कळत नाही. फोन तोंडाच्या अगदी जवळ धरला तर प, फ, भ यांवर फुंकर बसते. वीतभर लांब पुरे.