खराट्याच्या रेषा

मागच्या श्रावणात काकी परसात पडल्या. मागच्या दारापासून विहिरीपर्यंत 40 फुटांची वाट, वर गुळगुळीत लादी. न्हाणीजवळ पाय सरकला आणि खुबा मोडला. मे महिन्यात त्यांच्या मुलाचा मुंबईहून फोन आला. पाऊस लागायच्या आत घसरणार नाही अशी वाट करून द्या, पण 15,000 च्या आत बसवा.

ती लादी माझ्या हातची नव्हती. तरी कुडाळच्या आसपास तशीच लादी मी किती परसांत बसवली असेल, हे वाटभर डोक्यात होतं.

जाताना सोबत तीन नमुने नेले होते. रबरी साच्यातला चकचकीत पेव्हर, म्हणजे फरसबंदीचा सिमेंटचा ठोकळा, पार्किंगची खरबरीत टाइल आणि साधा करडा पेव्हर. अंगणात मांडले, बादलीत लाल माती कालवून वर ओतली आणि अनवाणी उभा राहिलो. चकचकीत पेव्हरवर टाच लगेच सरकली. टाइलची नक्षी चिखलाने भरली की तीही सपाटच. आमच्याकडे त्या खाचांत महिन्याभरात शेवाळ धरतं. करडा पेव्हर पायाला बरा लागला, पण खालची कुटाई नीट झाली नाही तर एखादा ठोकळा खचतो आणि कड वर येते. काकी वॉकर घेऊन चालतात. त्यांना अर्ध्या इंचाची कडही पाडेल. खडी स्वस्त खरी, पण वॉकरचे पाय तिच्यात रुततात, म्हणून तो विचार मी सुरुवातीलाच सोडला होता.

काकी दारात खुर्चीवर बसून सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "दगड कसले बघतंस? पाणी खंय जाता तां आधी बघ."

मी न्हाणीत दोन बादल्या ओतल्या. साबणाचं पाणी मोरीतून निघालं, वाटेवर आडवं पसरलं आणि फणसाच्या सावलीत तिथेच थांबलं. काकी पडल्या ती जागा नेमकी तीच. वर पन्हळीचं पाणीही तिथेच पडत होतं. कुठलीही फरशी घातली असती तरी तिथे शेवाळ धरलंच असतं.

मग पहिला अर्धा दिवस फक्त पाण्यात गेला. मोरीला पाइप जोडून तो वाटेखालून केळींच्या आळ्यात सोडला, पन्हळीचं तोंड फिरवलं. फणसाची फांदी तोडू का म्हणून विचारलं, तर काकींनी ठाम नकार दिला. मग वाटच दोन फूट उजेडाकडे सरकवली.

लादी उचलल्यावर खाली जुने जांभ्याचे चिरे निघाले. ते पाणी पितात आणि सावलीत ओलेच राहतात, म्हणून चालायच्या पृष्ठभागाला नको होते. पण दोन्ही बाजूंना कड म्हणून रोवले, काँक्रीट अडवायच्या फळ्यांचा खर्च वाचला. मधे 3 फूट रुंद, 3 इंच जाड काँक्रीट, एक भाग सिमेंट, दोन वाळू, चार खडी. 30 घनफूट माल झाला, सिमेंट सहा पोत्यांच्या आत. दर चार फुटांवर सांधा ठेवला आणि एका बाजूला पाऊण इंचाचा उतार दिला.

खरं काम त्यानंतरचं. थापीने घोटून गुळगुळीत करायची सवय हाताला असते, गवंड्याला मी तिथे थांबवलं. वर आलेलं पाणी आटायची वाट बघितली. चकाकी गेली, अंगठा दाबला तर ठसा उठतो पण बोट ओलं होत नाही, एवढं झाल्यावर हिराचा खराटा घेतला. वाटेला आडवा, एका दमात, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओढायचा. लवकर ओढला तर खडी उखडते, उशीर झाला तर रेघ उठत नाही. रेषा आडव्या हव्यात, कारण पाऊल त्यांना अडतं आणि पाणी त्याच खाचांतून उताराकडे निघून जातं. उभ्या मारल्या तर यातलं काहीच होत नाही. हे काम मी कुणावर सोपवलं नाही.

सात दिवस गोणपाट ओलं ठेवलं. मागच्या दाराची 9 इंचांची पायरी फोडून दोन केल्या आणि भिंतीला धरायला पाइप लावला. सगळं मिळून 13,200 झाले.

मृगाच्या पहिल्या मोठ्या सरीनंतर मी मुद्दाम गेलो. केळींचं आळं भरलं होतं आणि वाटेवर डबकं नव्हतं. काकी वॉकर टेकत माझ्यासोबत न्हाणीपर्यंत आल्या, थांबल्या. वहाण काढून तळपाय त्या रेषांवरून दोनदा मागे-पुढे फिरवला.

"हंयच पडलंय मी," म्हणाल्या. मग तुळशीकडे बोट केलं. "ती पायरी पण गुळगुळीत आसा. ती कधी करतलंस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अर्धं पोतं सिमेंट आणि तोच खराटा घेऊन गेलो.