कॅमेऱ्यात न येणारा बाक

रविवार, रात्री उशिरा

चर्चच्या दारावर आज माझी पाळी होती, उपासना सुरू व्हायला वेळ होता. दारात आलेल्या बाईंनी नाव सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "कॅमेऱ्यात कुठली बाजू येत नाही?" खांबामागचा बाक दाखवला, त्या जाऊन बसल्या. झालं इतकंच. पण दुपारपासून तो प्रश्न डोक्यातून जाता जात नाही.

दारावरच्या पाळीत प्रश्न ठरलेले असतात. लेकरू रडलं तर? दानाची थैली समोर आली तर? (पुढे सरकवायची, पाहुण्याने काही टाकायलाच हवं असं नाही.) प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतला भाकर आणि द्राक्षरस, आम्हाला मिळेल का? याचा नियम पंथागणिक वेगळा, म्हणून तो भाकर मोडण्याआधी मोठ्याने सांगावा लागतो. नाही सांगितला तर नवखा माणूस रांगेत जातो आणि सगळ्यांदेखत परत फिरतो. तो पुन्हा दिसत नाही.

बाकांचंही तेच. जुनी मंडळी कडेची जागा धरून बसतात, आत चार जणांची जागा मोकळी. तिथे पोचायला दोघातिघांचे गुडघे ओलांडायचे. नवा माणूस ते करत नाही, मागे भिंतीला टेकून उभा राहतो आणि शेवटच्या गीताआधी निघून जातो. उपाय सोपा आहे: कडेला बसलेल्याने आत सरकायचं, आणि मागचे दोन-तीन बाक पहिल्या वाचनापर्यंत मोकळे ठेवायचे. मावशींना हे कोणी सांगायचं, तो भाग वेगळा.

पण आज जाणवलं ते हे, की यातला एकूण एक उपाय आमच्यात मिसळू पाहणाऱ्यासाठी आहे. ज्याला कुणाच्या नजरेला पडायचंच नाही, त्याच्यासाठी आमच्याकडे काय आहे? एक खांब. तोही गवंड्याने छत पेलायला बांधलेला.

आणि खांबही पुरत नाही. कॅमेरा मागे, सज्ज्यात असतो, त्यामुळे एरवी माणसांच्या पाठीच दिसतात. प्रभुभोजन घेऊन जागेवर परतताना मात्र प्रत्येकाचा चेहरा थेट कॅमेऱ्यासमोर येतो. बाई रांगेत उठल्याच नाहीत. मला वाटलं, दुसऱ्या पंथाच्या असतील. मग लक्षात आलं, त्यांनी सज्ज्याकडे एकदा मान वळवून पाहिलं होतं.

तेवढ्या वेळापुरतं चित्र वेदीवरच्या क्रूसावर स्थिर ठेवलं, किंवा पडद्यावर नुसते गीताचे शब्द दाखवले, की काम भागतं. खर्च शून्य. थेट प्रक्षेपण संपल्यावर चित्रफीत तशीच राहते, तिचं काय करायचं हेही ठरवायला हवं. आणि नव्यांना उभं करून नाव-गाव विचारायचं, टाळ्या वाजवायच्या, मग दारात सगळ्यांचा फोटो... राहू दे.

खरी गळती तर प्रार्थनेच्या विनंत्यांतून होते. "एक बहीण घर सोडून आली आहे, अमुक ठिकाणी उतरली आहे, तिच्यासाठी प्रार्थना करा." लिहिणाऱ्याचं मन साफ असतं, पण गटात कुणाचा दीर असतो, कुणाचा मामेभाऊ असतो. संध्याकाळपर्यंत पत्ता पोचतो. तिची परवानगी असेल तर फक्त गरज सांगावी. नाव, नातं, ठिकाण नको. नवराबायकोला एका खोलीत बसवून समेट घडवायची घाई तर अजिबात नको. मारणाऱ्यासमोर ती खरं बोलूच शकत नाही. आणि कुणी फोन करून "ती आली होती का?" विचारलं, तर उत्तर एकच: इथे कोण येतं ते आम्ही सांगत नाही. हे प्रत्येकाच्या बाबतीत, ती आलेली नसतानाही. एरवी "नाही आली" म्हणायचं आणि आली की "सांगत नाही" म्हणायचं, तर त्या नकारातच उत्तर मिळतं.

हे सगळं सभेत मांडलं तर? अहवाल वाचून होतील, रंगकामावर तासभर चर्चा होईल, आणि दारावरच्या माणसाचा विषय "इतर बाबी" म्हणून घाईत उरकला जाईल. उपदेशकाचे शब्द लोक घरी नेतात, गायकगटाचं कौतुक होतं. दार सांभाळणाऱ्याची आठवण दार वाजलं, कुरकुरलं की होते.

हे काही आजचं नाही म्हणा. 251 च्या सुमारास रोमचे बिशप कर्नेलियस यांनी एका पत्रात आपल्या मंडळीची मोजदाद दिली आहे: 46 वडील (म्हणजे धर्मगुरू), 7 डीकन (त्यांच्या हाताखालचे सेवक), 42 अकोलाइट (उपासनेतले मदतनीस); आणि भूत काढणारे, वाचक व द्वारपाल मिळून 52. द्वारपाल किती, हे वेगळं मोजलेलंसुद्धा नाही! त्याच यादीत मंडळी सांभाळत असलेल्या विधवा आणि गरजू मात्र पंधराशेहून जास्त. कॅथलिक मंडळीने 1972 मध्ये द्वारपालाचं पदच यादीतून काढलं. हसू आलं वाचून. पद गेलं तरी दार आहेच.

इंग्लंडात पूर्वी डरहॅमच्या कॅथीड्रलला, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चला, उत्तर दरवाजाच्या वर दोन खोल्या होत्या. रात्री-अपरात्री कुणी आसऱ्याला पळून येऊन कडी वाजवली तर उघडायला माणसं तिथेच झोपत. आत घेतलं की घंटा वाजवायची, गावाला कळावं की अमक्याने आसरा घेतला आहे. मग 37 दिवस त्याला कुणी हात लावायचा नाही. तेव्हा गाजावाजा हेच संरक्षण होतं. आज घंटा वाजवणं म्हणजे पत्ता देणं.

तिसऱ्या शतकातली सिरियाकडची 'डिडास्कालिया' ही नियमावली तर बिशपलाच कामाला लावते. मानाचा माणूस उशिरा आला तर उपदेश थांबवू नये, भावांपैकी कुणीतरी उठून त्याला जागा देईल. पण गरीब, म्हातारं माणूस आलं आणि जागा नसेल, तर बिशपने स्वतः जागा करून द्यावी, भले त्याला जमिनीवर बसावं लागो. पाळकांना हे पान वाचायला द्यावं का? देतो. रंगकामाची चर्चा संपल्यावर.

कॅमेरा सांभाळणाऱ्या पोराला मघाशी निरोप टाकला: पुढच्या वेळी प्रभुभोजनाला चित्र क्रूसावर. त्याने अंगठा पाठवलाय. "वाचलं" की "करतो", ते आधी सज्ज्यात चढून विचारायला लागेल.