लायसन्सवरचे साडेसात टन आणि हुकाला लावलेलं वजन

"माझं एलएमव्ही लायसन्स आहे, टेम्पो चालवला तर चालेल का?" आणि "गाडीला ट्रॉली लावली तर वेगळं लायसन्स लागतं का?" हे दोन प्रश्न बहुतेक वेळा एकाच दमात विचारले जातात. उत्तरं मात्र दोन वेगळ्या ठिकाणी सापडतात. पहिल्याचं उत्तर आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, छापलेलं असतं. दुसऱ्याचं बरंचसं गाडी बनवणाऱ्या कंपनीकडे असतं, आणि ते तपासायला आपल्याकडे कोणी सांगत नाही.

आधी लायसन्स. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २(२१) मध्ये हलक्या मोटार वाहनाची, म्हणजेच एलएमव्हीची, व्याख्या आहे आणि तिची मर्यादा ७,५०० किलो आहे. पण हे ७,५०० किलो प्रत्येक गाडीला एकाच पद्धतीने मोजत नाहीत. मालवाहू गाडी, टॅक्सी, बस अशा वाहनांसाठी एकूण वजन धरतात, म्हणजे गाडी, तिच्यातला माल आणि माणसं मिळून आरटीओने नोंदवलेली कमाल मर्यादा. मोटारकार, ट्रॅक्टर आणि रोड रोलरसाठी मात्र रिकामं वजन धरतात. रिकाम्या वजनात नेहमीची साधनसामग्री येते, ड्रायव्हर आणि मदतनीस येत नाहीत.

हा फरक कळला नाही की गडबड इथूनच सुरू होते. समजा, एका टेम्पोचं रिकामं वजन ३,२०० किलो आणि आरसीवरचं एकूण वजन ७,४९० किलो आहे. शेजारी उभा असलेला दुसरा टेम्पो दिसायला तसाच, रिकामा ३,९०० किलो, पण एकूण वजन ९,६०० किलो. पहिला एलएमव्ही लायसन्सवर चालतो. दुसरा चालत नाही, अगदी पूर्ण रिकामा असला तरी. "रिकामाच तर आहे, नुसता गॅरेजपर्यंत न्यायचाय" या युक्तिवादाला कायद्यात आधार नाही, कारण कायदा त्या दिवशी गाडीत काय आहे ते विचारत नाही, आरसीवर काय नोंदलंय ते विचारतो. बाजारात ७,४९० किलोच्या आसपास नोंदलेल्या इतक्या गाड्या का दिसतात, याचं एक मोठं कारण हीच रेषा आहे.

साडेसात टनांच्या आतली गाडी भाड्याने माल वाहत असेल, तिला पिवळी नंबरप्लेट असेल, तर लायसन्सवर वेगळा "ट्रान्सपोर्ट" शेरा लागतो का, यावर वर्षानुवर्षं कोर्टात भांडणं झाली. अपघात झाला की विमा कंपनी म्हणायची, ड्रायव्हरकडे शेरा नव्हता, आमची जबाबदारी नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मुकुंद देवांगन प्रकरणात सांगितलं की शेरा लागत नाही. त्यावर पुन्हा शंका घेतल्या गेल्या आणि प्रश्न पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाकडे गेला. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी बजाज अलायन्झ विरुद्ध रंभा देवी या प्रकरणात घटनापीठाने तोच निष्कर्ष कायम केला: ७,५०० किलोपर्यंत एकूण वजन असलेलं वाहतुकीचं वाहन एलएमव्ही लायसन्सवर चालवता येतं. ट्रान्सपोर्ट लायसन्सच्या जादा अटी त्याहून जड, म्हणजे मध्यम आणि अवजड गाड्यांना लागू होतात.

या निकालाचे दोन अपवाद लोक हमखास विसरतात. ई-रिक्षा आणि ई-कार्ट या सवलतीत येत नाहीत, आणि धोकादायक माल वाहणाऱ्या गाड्याही नाहीत. छोट्या पिकअपमधून गॅस सिलिंडर किंवा ज्वलनशील रसायन नेताना साडेसात टनांचा हिशोब पुढे करून उपयोग नाही. तिथे मालाचा प्रकार पाहिला जातो आणि ड्रायव्हरकडे त्या कामाचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र लागतं.

साडेसात टनांच्या वर जायचं असेल तर रस्ता ठरलेला आहे. १९९४ च्या दुरुस्तीनंतर लायसन्समध्ये मध्यम माल, मध्यम प्रवासी, अवजड माल, अवजड प्रवासी असे चार वर्ग राहिले नाहीत, त्यांच्या जागी "ट्रान्सपोर्ट व्हेइकल" हा एकच वर्ग आला. त्यासाठी वयाची २० वर्षं पूर्ण हवीत आणि एलएमव्ही लायसन्स मिळून किमान एक वर्ष झालेलं हवं. सारथी या सरकारी लायसन्स पोर्टलवर अर्ज, डॉक्टरांचा फॉर्म १-ए (वैद्यकीय प्रमाणपत्र), लर्निंग लायसन्स, मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म ५ (प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र), आणि लर्निंगला ३० दिवस झाल्यावर चाचणी, असा हा क्रम. आठवी पासची अट २०१९ मध्ये निघाली. तरीही ती सांगून पैसे मागणारा कोणी भेटला तर त्याच्याकडे दुर्लक्ष करा.

मुदतीकडे नीट बघा. कार्डावर दोन तारखा असू शकतात, एक नॉन-ट्रान्सपोर्टची आणि एक ट्रान्सपोर्टची. पहिली पुष्कळ लांबची असते (तिशीच्या आत काढलेलं लायसन्स वयाच्या चाळिशीपर्यंत चालतं), दुसरी पाच वर्षांतच संपते. माणूस लांबची तारीख बघून निर्धास्त राहतो आणि ट्रक चालवताना अडकतो. पूर्वी मुदत संपल्यावर ३० दिवसांची सवलत होती, तीही २०१९ च्या दुरुस्तीत गेली. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या आधी एक वर्षापासून करता येतो. संपल्यावर एक वर्षाहून जास्त उशीर केला तर पुन्हा चाचणी द्यावी लागते.

चुकीच्या वर्गाच्या लायसन्सवर गाडी चालवली तर दंड होतोच, चालवणाऱ्याला आणि चालवायला देणाऱ्या मालकालाही. पण खरा फटका अपघातानंतर बसतो. अशा प्रकरणांत अनेकदा विमा कंपनीला जखमींना भरपाई द्यायला सांगितलं जातं आणि ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा दिली जाते. कार्डावरची एक नोंद न तपासल्यामुळे घर विकायची वेळ येऊ शकते, म्हणून मालकाने ड्रायव्हर ठेवताना कार्ड स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं, नुसत्या फोटोवर भागवू नये.

आता ओढण्याचं वजन. युरोपात बी आणि बीई असे वर्ग आहेत, म्हणजे गाडीमागचा ट्रेलर किती जड आहे त्यावर लायसन्सचा वर्ग बदलतो. आपल्याकडे तशी रचना नाही. ट्रॅक्टर रिकाम्या वजनावर एलएमव्हीत बसतो, आणि ट्रॉली जोडल्यामुळे ट्रॅक्टर चालवायचं लायसन्स निरुपयोगी ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये नागशेट्टी प्रकरणात सांगितलेलं आहे. त्यामुळे लायसन्सच्या बाजूने वाट मोकळी दिसते. माझ्या मते धोका नेमका इथेच आहे, कारण कागद अडवत नाही म्हणजे गाडीला ते वजन झेपतं असा लोकांचा समज होतो.

ट्रेलर हे कायद्याने स्वतंत्र मोटार वाहन आहे. त्याची स्वतःची नोंदणी लागते, आणि त्या आरसीवर त्याचं स्वतःचं रिकामं आणि एकूण वजन असतं. ७५० किलोपर्यंतचा ट्रेलर टी-१, ३.५ टनांपर्यंतचा टी-२, १० टनांपर्यंतचा टी-३ आणि त्यापुढचा टी-४. नोंदलेल्या वजनापेक्षा जास्त भरलं तर कलम १९४ खाली २० हजार रुपये आणि जादाच्या प्रत्येक टनामागे २ हजार रुपये दंड आहे, शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवू देत नाहीत. काट्यावर जायला नकार दिला तर दंड ४० हजार.

कार किंवा एसयूव्हीला ट्रेलर लावायचा असेल तर कंपनीच्या मॅन्युअलमध्ये तीन आकडे शोधा: ट्रेलरचं कमाल वजन, गाडी आणि ट्रेलर मिळून कमाल वजन, आणि हुकावरचा कमाल उभा भार. पहिला आकडा ब्रेक असलेल्या आणि नसलेल्या ट्रेलरसाठी वेगवेगळा दिलेला असू शकतो. मॅन्युअलमध्ये हे आकडेच नसतील, किंवा ओढू नका असं स्पष्ट लिहिलेलं असेल, तर बाहेरून हूक वेल्ड करून घेतल्याने गाडीची ताकद वाढत नाही.

उदाहरणाने बघू. गाडीचं रिकामं वजन १,७५० किलो, एकूण मर्यादा २,४०० किलो, गाडी आणि ट्रेलर मिळून मर्यादा ३,४०० किलो, ब्रेक असलेल्या ट्रेलरची मर्यादा १,००० किलो. गाडीत पाच माणसं, धरा ३२५ किलो, आणि सामान ७५ किलो. झाले २,१५० किलो. एकत्रित मर्यादेतून ट्रेलरसाठी १,२५० किलो उरतात, पण ट्रेलरची स्वतःची मर्यादा १,००० आहे, म्हणून १,००० च धरायचे. ट्रेलर रिकामा ४५० किलोचा असेल तर माल ५५० किलो, त्याहून जास्त नाही. हुकावर साधारण ८० किलो भार येईल, तो गाडीच्या वजनात मिळवा: २,२३० किलो, मर्यादेच्या आत. तिन्ही मर्यादांपैकी जी आधी संपते तीच खरी.

हुकावरचा भार हा फार दुर्लक्षित आकडा. मध्यभागी आस (ॲक्सल) असलेल्या छोट्या ट्रेलरमध्ये एकूण वजनाच्या साधारण ५ ते १० टक्के भार हुकावर यावा. माल आसाच्या मागे रचला की हूक वर उचलला जातो, गाडीची मागची चाकं हलकी होतात आणि ठरावीक वेगानंतर ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो. तेव्हा स्टिअरिंगने उलटा झटका देऊन सावरायला जाऊ नका आणि जोरात ब्रेकही मारू नका. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, वेग आपोआप कमी होऊ द्या. उलट सगळा माल पुढे रचला तर गाडीचं नाक उचललं जातं आणि पुढच्या चाकांची पकड जाते. जड माल आसाच्या किंचित पुढे आणि शक्य तितका खाली, ही जागा बरोबर.

आणि ट्रॅक्टर-ट्रॉली. उसाच्या हंगामात रस्त्यावर जे दिसतं ते पाहून काळजी वाटते, म्हणून याचा हिशोब पूर्ण मांडतो. २ टनांचा ट्रॅक्टर, मागे भरलेली ८ टनांची चारचाकी ट्रॉली, ट्रॉलीला ब्रेक नाहीत. रस्ता १० मीटरला १ मीटर उतरतोय. उतारामुळे पूर्ण १० टनांना खाली ओढणारं बल साधारण १,००० किलोभाराइतकं होतं (एक किलोभार म्हणजे एक किलो वजनाइतकं बल). चाकांच्या घर्षणातून त्यातले २०० वजा धरा. उरले ८००. ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागच्या चाकांना. त्या चाकांवर साधारण १,३०० किलो भार, आणि मळी-चिखलाने माखलेल्या ओल्या रस्त्यावर पकड निम्मी धरली तर रोखण्याची ताकद ६५० किलोभार. ८०० समोर ६५०. ब्रेक कितीही चांगले असोत, चाकं घसरत जाणार आणि ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलत आडवं करणार. इंजिनचा रोधही त्याच मागच्या चाकांतून रस्त्यावर उतरतो, त्यामुळे तो वेगळा मोजता येत नाही. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक असणं किंवा वजन कमी करणं, एवढे दोनच उपाय इथे लागू पडतात. मागे दुसरी ट्रॉली जोडली की काय होईल, ते याच आकड्यांवरून काढता येईल.

ज्या उतारावर हिशोब जमतो तिथेही काही सवयी सोडायच्या नाहीत. रस्त्यावर येताना डावं आणि उजवं ब्रेक पेडल खटक्याने एकत्र जोडा. शेतात वळायला ते वेगळे ठेवतात आणि तसेच राहिले तर जोरात ब्रेक दाबताच ट्रॅक्टर एका बाजूला फिरतो. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका, मध्ये क्लच दाबून न्यूट्रल करू नका, कारण परत गिअर पडेलच याची खात्री नसते. ओढायला फक्त ड्रॉबार, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागचा खालचा जोडदांडा, वापरा. वरच्या बाजूला, टॉप लिंकच्या (अवजारं जोडायच्या वरच्या दांड्याच्या) जागी साखळी बांधून ओढलं तर ट्रॅक्टरचा पुढचा भाग उचलून मागे उलटतो, आणि हे इतक्या झटपट होतं की क्लचवर पाय जाईपर्यंत वेळ निघून गेलेली असते.

जोडणीची पिन जवळून बघा. मूळ पिन हरवली की सळईचा तुकडा किंवा साधा बोल्ट घालतात. तो मऊ असतो, आधी मध्यभागी झिजून त्याला कंबर पडते आणि एक दिवस खड्ड्यात तुटतो. योग्य जाडीची पिन, खाली लॉकची क्लिप, आणि शिवाय सेफ्टी चेन. ट्रॉलीच्या दांड्याचा डोळा जिथे वेल्ड केलाय तिथे केसासारखी गंजाची रेघ दिसली तर ती चीर आहे, वरून नुसता वेल्डिंगचा थर देऊन ती बुजत नाही. मागे लाल दिवे आणि रिफ्लेक्टर हवेतच. ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो आणि दिवा त्याखाली झाकला जातो, म्हणून भरल्यानंतर मागे जाऊन बघायचं.

बंद पडलेली गाडी ओढणं हा वेगळा प्रकार. ती फक्त जवळच्या गॅरेजपर्यंत किंवा पेट्रोल पंपापर्यंत ओढता येते. स्टिअरिंगवर त्या गाडीचं लायसन्स असलेला माणूस हवा, दोन गाड्यांमधलं अंतर ५ मीटरपेक्षा जास्त नको, आणि मागे "ऑन टो" असा फलक हवा. किल्ली ऑन ठेवा, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल. इंजिन बंद असल्यावर ब्रेकला बूस्टरची मदत मिळत नाही, पेडल दगडासारखं लागतं, म्हणून मागच्याने आधीपासून आणि जोर लावून दाबायचं. ऑटोमॅटिक गाडीची ज्या चाकांना ताकद मिळते ती चाकं जमिनीवर ठेवून ओढू नका. इंजिन बंद असताना गिअरबॉक्समध्ये तेल फिरत नाही आणि थोड्या अंतरात तो जळतो. अशी गाडी सपाट प्लॅटफॉर्मच्या क्रेनवर चढवूनच न्यायची.