आमची वाटचाल : स्वतःचे टायर

गॅरेज 1988 चं. भायखळ्याला एका बंद पडलेल्या लेथच्या कारखान्याचा अर्धा गाळा घेतला. पुढे दोन गाड्या उभ्या राहतील एवढी जागा आणि मागे खड्डा, जो मी आणि माझ्या चुलतभावाने आठ रात्री जागून खणला. वायरिंग, वायपर, इंडिकेटर त्याच्याकडे. ब्रेक, किंगपिन, पाटे माझ्याकडे. ताडदेव आरटीओ जवळ, त्यामुळे टॅक्सीवाले पासिंगच्या, म्हणजे आरटीओच्या फिटनेस तपासणीच्या आधी आमच्याकडेच वळायचे. सगळ्या प्रीमियर पद्मिनी, मुंबईच्या जुन्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी. पुढे तो बेस्टमध्ये लागला, मी एकटा राहिलो. त्यानंतरची दहा-बारा वर्षं चांगली गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचं ते समोरच्या फुटपाथवरच्या माणसाबद्दल. नाव घेत नाही, त्याची पोरं मोठी आहेत आता. 2004 च्या सुमारास त्याने तिथे टपरी टाकली. हत्यारं म्हणाल तर एक जॅक, एक व्हीलपाना आणि ताडपत्रीखाली झाकलेले सोळा टायर. झालं गॅरेज! सकाळी टॅक्सी यायची, तिचे गोटा झालेले टायर उतरायचे, ताडपत्रीखालचे चार चढायचे. गाडी पासिंगला जाऊन दुपारी परत आली की टायर पुन्हा ताडपत्रीखाली. दिवसाचं भाडं दोनशे. आग विझवायचं नळकांडं आणि फर्स्ट एडची पेटीही भाड्याने मिळायची, पेटीत कापूस होता की नाही देव जाणे. वर फॉर्म भरणं, चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासणं, रांगेत नंबर लावणं, सगळं तोच करायचा.

माझ्याकडे ब्रेकचं पूर्ण काम म्हणजे दोन दिवस गाडी उभी. टॅक्सीवाल्याचे दोन दिवस बुडाले की घरी मनिऑर्डर उशिरा जाते, हे मलाही कळत होतं. पण चारही चाकांना ड्रम असलेल्या गाडीचे ब्रेक दोनशे रुपयांत कसे होणार?

दीड वर्षात माझी निम्मी गिऱ्हाइकं रस्ता ओलांडून गेली. गाळ्याचं भाडं थकलं. शेवटी मोठा कॉम्प्रेसर विकला. पुढचे सात महिने माझा पोऱ्या टायरमध्ये हवा भरायला समोर जायचा, त्याच्याकडेच! तो पैसे घ्यायचा नाही, नुसता हसायचा. ते हसू मी अजून विसरलेलो नाही.

त्या काळात एकच माणूस हलला नाही. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो, जौनपूरकडचे. पासिंगच्या दहा दिवस आधी गाडी आणून लावायचे आणि खड्ड्याच्या कडेला उकिडवे बसून बघत राहायचे. मी काय करायचो ते सांगतो. ड्रमच्या आतून खडू फिरवायचा, ड्रम चढवून चाक दोन-चार वेळा फिरवायचं आणि उतरवायचं. लायनरवर, म्हणजे ड्रमला आतून टेकून चाक थांबवणाऱ्या पट्टीवर, जिथे पांढरं लागलं तेवढाच भाग टेकतोय. तो कानशीने हलका घासायचा, परत खडू, परत ड्रम. सगळ्या लायनरवर सारखं पांढरं येईपर्यंत हेच. एका चाकाला कधी कधी अडीच तास जायचे. चाचांना ते इतकं पाठ झालं की पुढे पुढे तेच सांगायचे, "मिस्त्री, नीचे अभी काला है."

एकदा पासिंगच्या रांगेत चाचांच्या पुढेच त्या समोरच्याकडून टायर चढवून आलेली टॅक्सी होती. इन्स्पेक्टर साहेबांनी ब्रेक मारायला सांगितला आणि गाडी सरळ डावीकडे फुटपाथकडे गेली. टायर कोरे, पण लायनरचे रिव्हेट ड्रमला घासत होते. गाडी नापास. दुसऱ्या दिवशी तो टॅक्सीवाला माझ्याकडे आला. महिनाभरात आणखी पाच-सहा आले, सगळे नाही. उरलेले आजही तसेच पासिंग करत असतील.

आता लिहितोच आहे तर सांगून टाकतो. पासिंगच्या आदल्या रात्री नवे लायनर टाकू नका, दोनशे-तीनशे किलोमीटर चालल्याशिवाय ते बसत नाहीत. व्हील सिलिंडरचे रबरी कप रॉकेलने धुऊ नका, फुगतात; ब्रेक ऑइलच वापरा. हँडब्रेक सपाटीवर नाही, चढावर बघा. आणि पासिंगची मुदत टळू देऊ नका, 2016 च्या अखेरच्या नियमाने उशिराच्या प्रत्येक दिवसाला पन्नास रुपये जादा लागू झाले होते. कोणी विचारलं नव्हतं, माहीत आहे.

2017 मध्ये दुसरा धक्का बसला. ब्रेक तपासायला 250 मीटरचा ट्रॅक हवा, असं मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं होतं. ट्रॅक नसलेल्या ठिकाणचं पासिंग थांबलं, गाड्या लांब जाऊ लागल्या, वाटेवरचं गॅरेज म्हणून आमचं जे मोल होतं ते गेलं. न्यायालयाचं चुकलं असं मी म्हणणार नाही; अंगणात वीस फूट गाडी पळवून ब्रेक कळत नाही. 2018 मध्ये आठ वर्षांच्या आतल्या गाड्यांना दरवर्षीऐवजी दोन वर्षांनी पासिंग झालं, म्हणजे आमचं निम्मं काम एका कागदाने गेलं.

माझा मेहुणा इंग्लंडात भाड्याची गाडी चालवतो. तिथे लंडन सोडलं तर टॅक्सीचं लायसन स्थानिक कौन्सिल देतं. तपासणी कुठे कौन्सिलच्या डेपोत होते, कुठे त्यांनी नेमलेल्या खासगी गॅरेजात. 1976 च्या कायद्याने बारा महिन्यांत तीनपेक्षा जास्त वेळा गाडी बोलावता येत नाही. नेमलेलं गॅरेज! फोनवर हे ऐकून मी त्याला दोनदा विचारलं. छत्तीस वर्षं आम्ही ब्रेक खरे करतो आणि आमच्याकडे बघतात ते एजंटाचा भाऊ असल्यासारखं.

चाचांची गाडी वीस वर्षं भरल्यावर भंगारात गेली. तिचा झेंड्याचा जुना मीटर इलेक्ट्रॉनिक मीटर सक्तीचे झाले तेव्हाच उतरवला होता, तो माझ्या फळीवर आहे. चाचा गावी गेले. ताडदेवला ऑक्टोबर 2003 मध्ये नोंदलेली शेवटची पद्मिनीही 2023 च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. आता येतात त्या वॅगन आर. पुढे डिस्क, मागे ड्रम. मागच्या चाकांपुरता खडू लागतोच.

गेल्या महिन्यात समोरच्याचा मोठा मुलगा टुरिस्ट गाडी घेऊन आला. म्हणाला, काका, ब्रेक मारला की डावीकडे ओढते, परवा पासिंग आहे. मी वाकून बघितलं. चारही टायर नवे कोरे.

"स्वतःचे का रे?" मी विचारलं.