बायोस बदललं म्हणून प्रोसेसर पळतो का?

कळव्यात आमच्या सोसायटीत कुणाकडे नवा पीसी आला की आठवड्याभरात माझी बेल वाजते. प्रश्न ठरलेला: "काका, बायोस अपडेट केलं की ओव्हरक्लॉक वाढतो ना?" परवा चौथ्या मजल्यावरच्या पोराने विचारलं, आता तुम्ही विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर सांगतो. बायोस म्हणजे बोर्डावरच्या चिपमधलं, मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर. ओव्हरक्लॉक म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं.

२०१७ च्या उन्हाळ्यात मी एएमडीचा रायझन ५ १६०० प्रोसेसर घेतला. सोबत बी३५० चा मदरबोर्ड, आणि खिशाला न परवडणारी ३२०० वेगाची रॅम. प्रोसेसर मुळात ३.२ गिगाहर्ट्झचा, बूस्टमध्ये, म्हणजे कामाचा भार आला की आपोआप, ३.६. मी सहाही कोअर १.३५ व्होल्टवर ३.८ ला बसवले. ३.९ लावलं की दहा मिनिटांत विंडोज कोसळून निळा पडदा. व्होल्टेज चढवून बघितलं, पण मे महिन्यात आमच्या खोलीत माणसालाच घाम फुटतो, तिथे प्रोसेसरची काय कथा! रॅमचं दुखणं वेगळंच. ३२०० निवडलं की मशीन तीनदा चालू-बंद व्हायचं आणि गुपचूप २१३३ वर येऊन बसायचं.

जूनमध्ये बोर्डाचं नवं बायोस आलं, पोटात अजेसा १.०.०.६ घेऊन. अजेसा म्हणजे बायोसमधला एएमडीने स्वतः लिहिलेला भाग. मशीन सुरू होताना प्रोसेसर आणि रॅमचा कंट्रोलर जागा करायचं काम त्याचं. बोर्डवाले त्याभोवती आपापले मेनू रचतात. फाइल टाकली, आणि रॅम पहिल्याच खेपेला ३२०० वर उभी राहिली. त्या रायझनमध्ये कोअरच्या दोन गटांना जोडणारी आतली वाट रॅमच्याच घड्याळावर चालते, त्यामुळे रॅमबरोबर तीही वेगात आली. गेम खेळताना फरक कळत होता.

मग मोठ्या आशेने प्रोसेसर ३.९ ला लावला. निळा पडदा. ३.८ तो ३.८ च राहिला. सिलिकॉनची कुवत फॅक्टरीतून ठरून येते. बायोस फार तर त्याच्या आड येणं थांबवतं. हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो, पण इलाज नाही.

कधी कधी नवी सोय मात्र खरोखर हाती येते. रायझन ५००० नोव्हेंबर २०२० मध्ये आले, त्यांच्यासाठीचं कर्व्ह ऑप्टिमायझर मागाहून बायोस अपडेटमधून मिळालं. त्यात प्रत्येक कोअरचं व्होल्टेज थोडं थोडं उतरवता येतं. मग उष्णता कमी, आणि बूस्ट जास्त वेळ टिकतो. माझ्या मते आपल्या हवेत वेग चढवण्यापेक्षा व्होल्टेज उतरवणं शहाणपणाचं.

आणि अपडेट हातचं काढूनही घेतं. इंटेलच्या सहाव्या पिढीत, नावात 'के' नसलेले, म्हणजे वेगाला कुलूप असलेले प्रोसेसरही काही बोर्डांच्या बायोसमुळे ओव्हरक्लॉक होऊ लागले होते. २०१६ मध्ये नव्या मायक्रोकोडने, म्हणजे बायोसमधून बदलता येणाऱ्या प्रोसेसरच्या आतल्या सूचनांनी, ती वाट बुजवली. २०२३ मध्ये काही रायझन ७००० एक्स३डी जळाले, तेव्हा आलेल्या बायोसनी एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या रॅम कंट्रोलरसारख्या भागांना मिळणारं) १.३ वर अडवलं. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीसाठी ०एक्स१२९ मायक्रोकोड आला, तो व्होल्टेज १.५५ च्या वर मागू देत नाही. हे अपडेट वेगासाठी नव्हेत, पण असा प्रोसेसर असेल तर आजच्या आज करा.

माझा पोपट झाला तो २०१९ मध्ये. रायझन ३००० साठीचं बायोस आलं होतं. माझा प्रोसेसर तोच जुना, म्हणजे गरज शून्य. तरी हात शिवशिवले. बाहेर धो धो पाऊस, घरात यूपीएस नाही, आणि निम्म्यावर लाइट गेली. नंतर पंखे फिरायचे, पडदा काळा. बोर्डाला फ्लॅशबॅकचं, म्हणजे बिघडलेलं बायोस पेन ड्राइव्हवरून परत भरायचं बटण नव्हतं. शेवटी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला एकाने बायोसच्या आठ पायांच्या चिपवर क्लिप लावून फाइल पुन्हा भरून दिली. ती चिप १.८ व्होल्टची होती, म्हणून त्याने आधी अॅडॅप्टर जोडला. घरी चिप भरायच्या स्वस्त यंत्राने खटपट केली असती तर चिपही गेली असती.

तेव्हापासून बदलांची यादी वाचल्याशिवाय मी फाइल उतरवत नाही. सगळ्या सेटिंग्जचे मोबाइलवर फोटो काढतो, कारण जतन केलेली जुनी प्रोफाइल नव्या बायोसवर चालेलच असं नाही. ओव्हरक्लॉक काढून, डिफॉल्टवर आणूनच नवं बायोस फ्लॅश करतो, म्हणजे चिपवर चढवतो. विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्कचं कुलूप) असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर.

तर चौथ्या मजल्यावरचा तो पोरगा. "प्रोसेसर कुठला रे?" "आय५ १२४००." नावात 'के' नाही, मल्टिप्लायरला (वेग ठरवणाऱ्या गुणकाला) कुलूप, त्यात बोर्ड बी६६०, तोही ओव्हरक्लॉक न करू देणारा. बायोसची फाइल त्याने पेन ड्राइव्हवर तयारच ठेवली होती. मी मेनू उघडून पाहिला, तर रॅमला तिच्या छापील वेगावर चालवणारं एक्सएमपीच बंद. तेवढं चालू केलं, आणि त्याच्या आईने केलेला चहा घेऊन वर आलो.