गाडी गेली, आता निज

परवा सोसायटीच्या ग्रुपवर एकाने टाकलं की कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागलं, आता चार महिने बोंब. खाली सतरा जणांनी अंगठे दिले. कुणी लिहिलं, वंदे भारत आणली आणि चालवतायत बैलगाडीसारखी. मी टाईप करायला घेतलं आणि पुसलं, कारण ग्रुपवर ते मावलं नसतं, म्हणून इथे लिहितेय.

माझे बाबा कोकण रेल्वेत गँगमन होते, म्हणजे रुळाची देखभाल करणाऱ्या टोळीतले. आता ट्रॅक मेंटेनर म्हणतात पण आमच्याकडे अजून गँगमनच. आमची वरकस जमीन रुळाखाली गेली आणि बदल्यात घरातल्या एकाला नोकरी मिळाली, कणकवलीच्या आसपासच्या वाड्यांमधून अशी बरीच माणसं लागली तेव्हा. म्हणजे ज्या जमिनीत आजोबा नाचणी करायचे तिच्यावरूनच बाबा पावसात रात्री गस्त घालत चालायचे. घरापासून रूळ इतका जवळ की गाडी आली की मांडणीवरची भांडी वाजायची.

गस्तीचं सामान आई भरून द्यायची. बत्ती, लाल-हिरवी झेंडी, शिटी, गस्तीचं बुक, आणि पत्र्याच्या डब्यात फटाके, म्हणजे गाडीचं चाक गेलं की फुटून ड्रायव्हरला सावध करणारे डेटोनेटर, त्याला आम्हा मुलांना हात लावायची सक्त मनाई. बुक भिजू नये म्हणून आई दुधाची पिशवी उलटी करून धुवायची, वाळवायची आणि त्यात ते घालून वर सुतळी बांधायची. बीट, म्हणजे आपल्या वाट्याचा रूळ, संपलं की समोरून येणाऱ्या पलीकडच्या बीटवाल्याबरोबर बुकाची अदलाबदल करायची आणि परत फिरायचं, म्हणजे दोघंही खरंच तिथपर्यंत चालत आले याचा तोच पुरावा. दरड दिसली तर काय करायचं हे बाबा आम्हाला काडेपेट्या मांडून दाखवायचे: दरडीपासून ६०० मीटरवर एक फटाका, मग पळत १२०० मीटरवर, तिथे दहा-दहा मीटरवर तीन, आणि लाल बत्ती हलवत उभं राहायचं. पावसात, चिखलात, खडीवरून, अंधारात बाराशे मीटर पळून बघा एकदा.

आणि गाडी येत असेल तेव्हाचा नियम वेगळा. गस्तवाल्याने रुळाच्या बाजूला उभं राहायचं, आपल्या छातीवरच्या नंबर प्लेटवर बत्तीचा उजेड पाडायचा म्हणजे ड्रायव्हरला नंबर दिसेल, आणि दोनदा शिटी मारायची, एकदा इंजिन समोरून जाताना आणि एकदा शेवटचा गार्डाचा डबा जाताना. घरात पावसाच्या आवाजात शिटी ऐकू यायची नाही पण गाडी ऐकू यायची. बाबा गस्तीला असले की आई जागी असायची. गाडी धडधडत गेली की म्हणायची, "गाडी गेली, आता निज." म्हणजे बाबांच्या बीटवर सगळं ठीक आहे. मला लहानपणी वाटायचं सगळ्यांच्याच घरी असं म्हणतात.

२२ जून २००३, रविवार. कारवारहून मुंबईला जाणारी हॉलिडे स्पेशल आमच्या घरासमोरून गेली. भांडी वाजली, आई म्हणाली, गेली गाडी, निज. मी झोपलेसुद्धा.

आई झोपली नाही, कारण त्यानंतर गाडीच आली नाही. गाडीच्या आवाजाने माणूस जागा होतो हे सगळ्यांना माहीत आहे, आमच्याकडे गाडी आली नाही म्हणून घर जागं व्हायचं. तिने मला उठवलं आणि आम्ही दोघी पडवीत बसलो, पाऊस धो धो. मग गँगमधल्या एका काकांचा मुलगा सायकलवरून ओरडत आला, वैभववाडीच्या पुढे गाडी पडली.

रेल्वेची माणसं "अपघात झाला" असं नाही म्हणत. गाडी पडली म्हणतात. आणि ते दोन शब्द ऐकले की पुढचं कुणी कुणाला सांगावं लागत नाही. अर्ध्या तासात वाडीतली रेल्वेची सगळी घरं जागी होती. ड्यूटी नसलेले पुरुष पहारी, दोरखंड, बॅटऱ्या जे हाताला लागलं ते घेऊन निघाले, एक ट्रकवाला आपणहून आला. बायकांनी घराघरातून चादरी गोळा केल्या, आईने ट्रंकेतल्या दोन कोऱ्या सोलापुरी चादरी काढल्या, माझ्या मावशीच्या लग्नात आलेल्या. चादरी कशासाठी हे मला तेव्हा कळलं नाही. मी विचारलंही की पाहुणे येणार आहेत का, आणि आईने मला जवळ ओढून घेतलं एवढंच आठवतं.

बाबा मात्र जाऊ शकले नाहीत. ते गस्तीवर होते आणि गस्तवाल्याला बीट सोडता येत नाही. लाईन बंद, त्या रात्री आमच्या बाजूने एकही गाडी येणार नव्हती हे त्यांना माहीत होतं, तरी सकाळपर्यंत ते आपल्या बीटवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिले, बुक बदलत राहिले. सकाळी घरी आले, रेनकोटसुद्धा न काढता पडवीत बसले आणि आईला म्हणाले, "मी तेका बत्ती दाखवलंय गो. दोन शिटी मारलंय. माझ्या समोरसून गेली ती."

बस्स. मग पेज न खाता तसेच वैभववाडीकडे गेले आणि तिसऱ्या दिवशी आले.

कटिंगमधून, म्हणजे रुळासाठी डोंगर कापलेल्या जागेवरून, मोठमोठे धोंडे रुळावर आले होते आणि गाडी त्यांच्यावर आदळली होती. इंजिन आणि पुढचे डबे गेले. ५० हून जास्त माणसं मेली, कोकण रेल्वे पूर्ण सुरू होऊन तेव्हा जेमतेम साडेपाच वर्षं झाली होती, एवढं मोठं तोवर काही झालं नव्हतं. सुट्टी संपवून मुंबईला परतणारे चाकरमानी होते त्यात. तिथे काय पाहिलं ते बाबांनी कधी सांगितलं नाही, एक गोष्ट सोडून, ती पण खूप वर्षांनी. ते म्हणाले डब्यात फणसाचा वास होता. लोकांनी गावाहून नेलेले फणस फुटले होते, पिकलेला बरका फणस, पाऊस आणि डिझेल, असा तो वास. आमच्या परड्यात फणस आहे, दर वर्षी लगडतो, शेजारी घेऊन जातात. बाबांनी त्या वर्षापासून गरा तोंडात घातलेला नाही.

पुढचे दिवस वाईट होते. बाजारात रेल्वेचा निळा शर्ट दिसला की लोक बोलायचे, तुम्ही काय झोपा काढता काय रे रुळावर. ज्यांची माणसं गेली होती ती बोलली असती तर कुणाला काही वाटलं नसतं, पण चहाच्या टपरीवर बसलेली माणसं बोलायची. बाबा उत्तर द्यायचे नाहीत. त्यांच्या बीटवर काही झालं नव्हतं, अपघात पुढच्या सेक्शनला झाला, तरी एकाही गँगवाल्याने कधी "ते आमच्याकडे नाही झालं" असं म्हटलेलं मी ऐकलं नाही. माझ्यासाठी रेल्वेची माणसं म्हणजे हे.

दुसऱ्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी गँगने कटिंगजवळ नारळ ठेवला. मुकादमांनी गाऱ्हाणं घातलं, बा देवा म्हाराजा, ह्या वाटेर जी काय गाडी जाता येता तिच्या वाटेक दगडधोंडो येव नये रे म्हाराजा, आणि जो कोण लेकरू ह्या वाटेन पावसापाण्यात चलता तेका सुखरूप घराक पोचव रे म्हाराजा. सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. मी पण होते तिथे, आईचा पदर धरून. ड्रायव्हर लोकांचं पण त्या वर्षीपासून बदललं, बत्ती दिसली की ते छोटासा हॉर्न द्यायला लागले, घरी ऐकू यायचा तो. आई म्हणायची, "बघ, बोलले एकमेकांशी."

आणि १६ जून २००४ ला, पहिल्या अपघाताला वर्ष व्हायच्या आत, महाडजवळ करंजाडीला मत्स्यगंधा एक्सप्रेस पडली. परत धोंडे. तिथल्याच आंबोली गावच्या पुलावरून डबे खाली गेले. त्या दिवशी मुकादम आमच्या पडवीत येऊन बसले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. जाताना बाबांना म्हणाले, गाऱ्हाणा घालूया, पण पायान जास्त चलाक व्हया.

त्यानंतर जे बदललं ते आपण सगळे आज डब्यात बसून बघतो पण कशासाठी आहे ते माहीत नसतं. कटिंगचे उभे उतार कापून सपाट करत आणले, धोंड्यांवर जाळ्या मारल्या, दगडात बोल्ट ठोकले, सिमेंट फवारलं, उतारांवर माती धरून ठेवायला वाळा लावला. माणगाव, चिपळूण, रत्नागिरी, विलवडे, कणकवली असे ठिकठिकाणी पाऊस मोजायची यंत्रं आली. रत्नागिरीजवळच्या पानवलच्या पुलावर वाऱ्याचा वेग मोजतात, सावित्री आणि वाशिष्ठीच्या पुलांवर पाण्याची पातळी. रुळाच्या कडेला साधारण दर किलोमीटरला फोन जोडायची सोय आहे. धोक्याच्या जागी चोवीस तास माणूस. आणि जोराचा पाऊस लागला, समोरचं दिसेनासं झालं, तर ड्रायव्हरने गाडी ४० च्या वेगाने चालवायची. पावसाळी वेळापत्रक म्हणजे हे सगळं धरून बसवलेलं वेळापत्रक. पूर्वी १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं, २०२५ ला १५ जून ते २० ऑक्टोबर केलं. ७४१ किलोमीटरची लाईन, ९० च्या वर बोगदे, आणि एवढी यंत्रं असूनसुद्धा पावसात रात्री कुणीतरी बत्ती घेऊन चालतच असतं. मला लोक विचारतात, आता ड्रोन आणि सेन्सरच्या जमान्यात चालायचं कशाला. सह्याद्रीची लाल माती पाणी पिऊन कधी सुटेल ते कटिंगच्या वरच्या झाडाच्या वाकण्यावरून बाबांना कळायचं, खडीतून वाहणारं पाणी गढूळ झालं की ते थांबून वर बत्ती मारायचे. यंत्रं हवीतच, आणखी हवीत, पण तो माणूस काढू नका.

४ मे २०१४ ला दिवा-सावंतवाडी पॅसेंजर नागोठणे आणि रोह्याच्या मध्ये पडली. तो भाग मध्य रेल्वेचा, मे महिना, पाऊस नाही, दरड नाही. पण गाडी आपली, गावी जाणाऱ्यांची. मी तेव्हा डोंबिवलीला राहायला आले होते. बाबांचा फोन आला, मी घरीच आहे हे ऐकलं आणि म्हणाले, तिकडे रक्त लागत असेल तर जाऊन ये. सुरुवातीला डब्यांतून माणसं बाहेर काढली ती आसपासच्या गावकऱ्यांनी, वैभववाडीलाही तेच झालं होतं. लोक व्हिडिओ काढत बसतात वगैरे बोललं जातं, मला ते मान्य नाही, मी ज्या ज्या अपघातांबद्दल घरातून ऐकलं तिथे पहिला हात गावच्या माणसाचाच होता.

आणि आता ती गोष्ट जी बातमी म्हणून कुणाला लक्षात राहत नाही. १४ जुलै २०२४, दिवाणखवटी आणि विन्हेरेच्या मध्ये बोगद्याजवळ मोठी दरड आली, सगळी माती रुळावर. गाड्या ठिकठिकाणी थांबल्या, साधारण एक दिवस लाईन बंद, लोकांचे अतोनात हाल झाले, लहान मुलं घेऊन लोक स्टेशनवर बसले होते आणि त्यांचा राग खरा होता, मी पण चिडले असते. पण त्या दरडीवर कुठलीच गाडी आदळली नाही. बाबा टीव्हीसमोर बसून होते, त्यांनी मला फोन करून हेच तीनदा सांगितलं, गाडी नाय पडली, गाडी नाय पडली.

बाबा रिटायर होऊन आता काही वर्षं झाली. गेल्या गणपतीत मी रात्रीच्या गाडीने गावी गेले, राजापूर सोडल्यावर असा पाऊस लागला की काचेबाहेर काही दिसेना आणि गाडी रांगायला लागली. समोरच्या सीटवरचे काका वैतागले, ह्यापेक्षा एसटी बरी. मी दारापाशी जाऊन उभी राहिले. बऱ्याच वेळाने अंधारात एक बत्ती दिसली, खाली धरलेली, आणि तिच्या उजेडात एका माणसाच्या छातीवरचा नंबर. नंबर वाचता आला नाही. त्याची शिटी मी जिथे होते तिथे ऐकू येणार नव्हती, तरी मी कान लावून होते. इंजिनाने हॉर्न दिला ना, तो मात्र नीट ऐकला.

घरी पोचले तर बाबा पडवीत, छत्री हातात घेऊनच बसलेले.

"किती लेट झाली?"

"पावणेदोन तास."

"बरा झाला," म्हणाले, आणि माझी बॅग उचलून आत गेले.